नोंदणी दत्ताराम तांडेल यांच्या नावावर

भाईंदर पूर्व
१८ नोव्हेंबर २००६

ग्राहक सेवा विभाग,
‘मुद्राक्षरी’ मराठी सॉफ्टवेअर, पुणे

त्या गुरुवारी सकाळी दूध गॅसवर होतं, भिजवलेले मूग चाळणीत निथळत होते. अर्धी लादी पुसून मी फडकं बादलीत टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय मुडपून बसले. हातात कॉपी होती. कॉपी म्हणजे हाताने लिहिलेला कागद, ज्यावरून टाईप करायचं तो. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून दोन वर्षं मी वाचायचे आणि हे ऐकून टाईप करायचे. मी तिसरीत शाळा सोडली. पुढचं वाचायला यांच्या छापखान्यातल्या प्रुफांवरून शिकले. वाचणाऱ्याचा नियम यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. कागदावर आहे ते वाचायचं, आपलं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही.

मला तो कधी जमला नाही. मध्येच दूध वर यायचं, कुकर वाजायचा, दारावर भाजीवाली यायची. कानावर पडेल ते हे टाईप करत जायचे आणि मग मी प्रूफ वाचून दाखवताना काढायचे. एका शाळेच्या गॅदरिंगच्या निमंत्रणात ‘प्रमुख पाहुणे कुकर बंद करा’ असं आलं होतं. हे दोन दिवस हसत होते.

त्या सकाळी सात पानं झाली. झालेल्या प्रत्येक पानावर लाल रेघ मारून यांनी ती बाजूला ठेवली. तो ३ ऑगस्टचा गुरुवार. शनिवारी पहाटे हे गेले. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती.

आपल्या तक्रार अर्जावर ‘तक्रारीचे स्वरूप’ या सदराखाली दोन ओळींची जागा आहे. ती मला पुरत नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

आपलं सॉफ्टवेअर यांनी रोख पैसे देऊन, पावतीने घेतलं. जुन्या आवृत्तीला कसली परवानगी लागत नव्हती. नव्या आवृत्तीला इंटरनेटवरून किंवा फोनवरून तुमची परवानगी घ्यावी लागते. ती यांनी तीनदा घेतली. एकदा नवीन असताना, एकदा हार्ड डिस्क बदलली तेव्हा आणि एकदा व्हायरस आला तेव्हा. दरवेळी पडद्यावरचे पंचवीस आकडे मी वाचायचे आणि हे फोनवर तुमच्या माणसाला सांगायचे. दसऱ्याला विजेचा दाब वरखाली झाला आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. स्टेशनजवळच्या जितेंद्रने तो बदलून दिला. फाइली सगळ्या जागच्या जागी आहेत. पण तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, हे मशीन वेगळं आहे आणि आपल्या तीन परवानग्या संपल्या आहेत.

मला एकच फाइल उघडून छापून घ्यायची आहे. माझी आई इंदुबाई तारोडीची धवलारीण होती. आमच्यात लग्नाला भटजी मंत्र म्हणतात तशी धवलारीण धवळे गाते. मांडवाचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, पाठवणीचं वेगळं. आईला लिहिता येत नव्हतं. दोन वर्षं रविवारी तारोडीला जाऊन हे तिच्या तोंडून एकेक गाणं उतरवून घ्यायचे. आई गेल्या वर्षी गेली. माझ्या भावाची मुलगी सुगंधा हिचं लग्न वैशाखात आहे. तिच्या मांडवात आजीचे धवळे व्हावेत एवढंच माझं म्हणणं आहे.

तरी कृपया चौथी परवानगी द्यावी.

मनोरमा दत्ताराम तांडेल

*

पुणे
२९ नोव्हेंबर २००६

प्रिय ग्राहक श्री. दत्ताराम तांडेल,

‘मुद्राक्षरी’ परिवारात आपले स्वागत आहे.

आपले दि. १८ नोव्हेंबरचे पत्र मिळाले. श्री. तांडेल यांच्या निधनाबद्दल कंपनीतर्फे दुःख व्यक्त करते.

आमच्या नोंदीनुसार सदर परवाना श्री. दत्ताराम तांडेल यांच्या नावावर असून तो अहस्तांतरणीय आहे. एका परवान्यावर तीनपेक्षा जास्त अ‍ॅक्टिव्हेशन देता येत नाहीत. विशेष बाब म्हणून चौथ्या अ‍ॅक्टिव्हेशनचा विचार करावयाचा झाल्यास नोंदणीकृत ग्राहकाच्या सहीचा अर्ज आवश्यक आहे. ग्राहक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि न्यायालयाचा वारस दाखला जोडावा.

कळावे,
निशिगंधा बेंद्रे
ग्राहक सेवा

*

भाईंदर पूर्व
८ डिसेंबर २००६

निशिगंधा बेंद्रे यांस,

पोस्टमनने खालून हाक मारली, ‘तांडेल दत्ताराम, पुण्याचं पत्र.’ चार महिन्यांत यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. पत्र मी यांच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावचं पत्र आपल्या घरात कुणी उघडत नाही.

मग उघडलं. त्यात तुम्ही यांचं स्वागत केलं आहे आणि खाली यांच्या निधनाबद्दल दुःख केलं आहे.

मृत्यूचा दाखला सोबत आहे. त्यावर कारण हृदयविकार असं आहे. मी तो खोकलाच समजत होते. त्या गुरुवारी मी यांना म्हटलंही, ‘किती खोकताय हो, आज तरी डॉक्टरकडे जाऊन या.’ यांनी मान वर केली नाही, टाईप करत राहिले. मला वाटलं, ऐकलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. पुन्हा म्हटलं असतं तर गाण्याची ओळ तुटली असती.

तुम्हाला हे सांगायचं कारण नाही, पण दाखला पाठवते आहे तर त्यावरचं कारण माझ्या बाजूने पुरं असावं.

वारस दाखल्यासाठी मी ठाण्याच्या वकिलाकडे जाऊन आले. त्याने विचारलं, ‘इस्टेट काय आहे?’ मी म्हटलं, ‘एक फाइल.’ तो म्हणाला, ‘बाई, घर, बँक असं काहीतरी सांगा.’ घर आधीच माझ्या नावावर आहे. सोसायटीने एका अर्जावर करून दिलं. बँकेत माझं नाव होतं. गॅसचं कार्ड, विजेचं बिल, रेशन, सगळं झालं. यांचं टेबल, यांची खुर्ची, चष्मा माझाच आहे, त्यासाठी मला कुणी दाखला मागितला नाही. तुमची किल्ली तेवढी यांच्याबरोबर गेली असं तुमचं म्हणणं आहे. वकील म्हणतो, दाखल्याला आठ महिने तरी लागतील. लग्न पाच महिन्यांवर आहे.

आणखी एक विचारते, राग मानू नका. स्टेशनसमोरच्या पुलाखाली तुमच्याच सॉफ्टवेअरची चोरीची सीडी मिळते. जितेंद्र मला म्हणाला, ‘काकी, टेन्शन कशाला घेता? क्रॅक मारतो, दोन मिनिटात चालू. कंपनीवाले क्या कर लेंगे?’ मी नको म्हटलं. तो हसला. म्हणाला, ‘काका पण असेच होते. ओरिजिनल, ओरिजिनल! आता बघा, ओरिजिनलवाला बंद, डुप्लिकेटवाला चालू.’

यांनी गिरगावच्या छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवले. एक खिळा कधी खिशातून घरी आला नाही. म्हणून मी नको म्हटलं. पण जितेंद्रच्या बोलण्याला उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असलं तर कळवा.

मनोरमा तांडेल

*

पुणे
२० डिसेंबर २००६

श्रीमती मनोरमाबाई तांडेल यांस,
सप्रेम नमस्कार.

वरचं संबोधन मी हाताने लिहिलं आहे. आमची पत्रं कॉम्प्युटरवर निघतात आणि नाव परवान्याच्या नोंदीतून आपोआप येतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. क्षमा करा.

जितेंद्रला काय सांगावं ते मलाही माहीत नाही. आमच्या साहेबांचं उत्तर असं की दहाजण आमचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यातला एक विकत घेतो आणि त्या एकावर आम्ही चौदा माणसं जगतो. हे खरं आहे. दिवाळीत आमचे पगार उशिरा झाले. परवानगीची पद्धत साहेबांनी हौसेने आणलेली नाही. पण ती आणल्यापासून माझ्याकडे येणारे फोन विकत घेणाऱ्यांचेच असतात. चोरी करणाऱ्याचा आजवर एकही आलेला नाही. सोलापूरचे एक प्रेसवाले मला म्हणाले, ‘ताई, मी पैसे देऊन कुलूप घेतलं, किल्ली तुमच्याकडे राहिली.’ मी अशी वाक्यं एका वहीत लिहून ठेवते. महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवते. तुमचं ‘किल्ली त्यांच्याबरोबर गेली’ हेही वाचलं.  मग साहेब म्हणाले, ‘एकाला सूट दिली की उद्या पन्नास विधवा उभ्या राहतील.’ तसंच लिहिते आहे, कारण तुम्ही मला सगळं तसंच लिहिलंत.

चौथी परवानगी यंत्रणा स्वतःहून देत नाही, साहेबांची सही लागते. ती मला मिळालेली नाही.

एक साधा उपाय सुचतो. श्री. तांडेलांनी हाताने उतरवलेली गाणी तुमच्याकडे असतीलच. ती पुन्हा कुणाकडून टाईप करून घ्या किंवा त्या कागदांच्या झेरॉक्सही लग्नापुरत्या चालतील. मूळ कागद घरात असताना तुम्ही या फाइलीसाठी इतका जीव का टाकता, हे मला नीट कळलं नाही.

आपली,
निशिगंधा

*

भाईंदर पूर्व
१२ फेब्रुवारी २००७

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला जवळजवळ दोन महिने उत्तर दिलं नाही. तू मुलीसारखं लिहिलंस म्हणून अगंतुगं करते आहे.

तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि पत्र घडी करून डब्यात ठेवलं. कागद घरात नाहीत. ते मी रद्दीत घातले.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, त्याची बायको गिरिजा हिलाही नाही. ती दर आठवड्याला विचारते, ‘वन्स, आईंचा पुस्तक कवा येनार हाय?’ मी म्हणते, ‘छापायला टाकलंय.’

झालं ते असं. आमच्या घरात तीस वर्षं एक रीत होती. कॉपीवर लाल रेघ आली की तो कागद झाला. गिरगावात ती रेघ मारलेली कॉपी तारेला खोचायचे आणि महिनाअखेर रद्दी. घरी काम सुरू झाल्यावरही तेच. लाल रेघ म्हणजे मजकूर पुढे गेला, आता कागदाचं काम नाही. रेघ नसलेला कागद मात्र कधी हलवायचा नाही, त्यावर चहाचा कपसुद्धा ठेवायचा नाही. कितीतरी लोकांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका मी अशा रद्दीत दिल्या. कधी काही अडलं नाही.

दिवसकार्य झालं. पितृपक्ष झाला. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, ‘इतना कागज रखके क्या करोगे मनोरमाबेन, दीमक लग जाएगा.’ त्यांचा रद्दीवाला आलाच होता. मी यांच्या टेबलाखालचा गठ्ठा काढला. एकेक पान बघितलं, निशिगंधा. न बघता दिलं नाही. ज्याच्यावर लाल रेघ नव्हती अशी आठ पानं वेगळी काढली, ती अजून कपाटात आहेत. बाकीची दिली. आईची गाणी त्यात होती हे मला दिसत होतं. यांचं अक्षर दिसत होतं. पण रेघ होती, म्हणजे झालं होतं, कॉम्प्युटरमध्ये पोचलं होतं. मला वाटलं, सुरक्षित आहे. यांची रीत मी मोडली नाही, एवढंच मनात होतं.

आठवड्याभराने दसऱ्याला मशीन जळलं.

आईची गाणी आईच्या तोंडात होती, ती गेली. यांच्या कागदावर होती, ते मी दिले. आता ती तुमच्या कुलपात आहेत.

दुसरंही सांगते, म्हणजे मनावर राहणार नाही. संक्रांतीनंतर मी जितेंद्रकडे गेले. म्हटलं, ‘मार तो तुझा क्रॅक.’ तो दुकान बंद करून घरी आला. यांच्या खुर्चीत न बसता स्टूल ओढून बसला, एवढं त्याला कळलं. सीडी घातली, सॉफ्टवेअर चालू झालं. मी देवापुढे उभं राहावं तशी उभी होते. मग तो म्हणाला, ‘काकी, ये तो पुराना व्हर्जन है. काकांची फाइल नव्यातली आहे, ओपन नाही होत.’ नव्याचा क्रॅक अजून बाजारात आलेला नाही म्हणे. सीडी काढून त्याने ते चोरीचं सॉफ्टवेअर पुसून टाकलं आणि चहा न घेता गेला.

चाळीस वर्षं यांनी एक खिळा घरी आणला नाही. मी चोरी घरात आणली आणि तिचाही उपयोग झाला नाही. यांना कळलं असतं तर काही बोलले नसते, हेच वाईट वाटतं.

तू कंपनीची माणूस आहेस. तुला यावर काही कारवाई करायची असेल तर कर.

मनोरमा

*

पुणे
२४ फेब्रुवारी २००७

मावशी,

हे पत्र मी घरून लिहिते आहे. कारवाई कुठली करू? तुमचं पत्र वहीत लिहिलं नाही आणि मीटिंगमध्येही वाचलं नाही.

तुम्हाला डिसेंबरमध्ये एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती कुणाला सांगायची नाही असा आदेश होता. आता लोकांना कळायला लागलं आहे. आमची कंपनी विकली जाते आहे. घेणाऱ्यांना ‘मुद्राक्षरी’ चालवायचं नाही. ३१ मार्चला परवानगी देणारं मशीन बंद होईल. त्यानंतर ज्याचा कॉम्प्युटर बिघडेल त्याला परवानगी कुणीच देणार नाही. पावती असो वा नसो. सोलापूरच्या त्या प्रेसवाल्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही, हिंमत होत नाही.

म्हणजे वारस दाखला मिळाला तरी तो द्यायला दार उरणार नाही. तुम्ही वकिलाकडे हेलपाटे घालत असाल तर थांबवा. मी आधीच सांगायला हवं होतं.

तुम्ही एक करा. जितेंद्रकडून ती फाइल एका सीडीवर उतरवून माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता खाली दिला आहे. माझ्या ऑफिसच्या मशीनवर नवी आवृत्ती चालू आहे. मी फाइल उघडून छापून देईन. ग्राहकाचा मजकूर आम्ही उघडायचा नाही असा नियम आहे, पण महिनाभरात तो नियमही राहणार नाही आणि मीही तिथे राहणार नाही. तेव्हा ते माझ्यावर सोडा.

सीडीच्या दोन प्रती काढा. एक तुमच्याकडे ठेवा. काहीही रद्दीत देऊ नका, लाल रेघ असो वा नसो.

तुमची,
निशिगंधा

*

भाईंदर पूर्व
३ मार्च २००७

चि. निशिगंधा,

सीडी सोबत आहे. जितेंद्रने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ‘काकी, पुण्याच्या मॅडमला माझा सलाम सांगा.’ कंपनी बंद होते आहे हे सांगितल्यावर त्याने सीडी पाकिटात घातली. म्हणाला, ‘चोर पण गेले आणि मालक पण गेले, काकांची फाइल तेवढी राहिली.’

फाइलीचं नाव ‘इंदुबाई’ आहे. आत तेवीस गाणी असतील. रेघ नसलेल्या आठ पानांवरची आठ माझ्याजवळ आहेत, ती यांच्या हाताची. मिळून एकतीस. आईला बत्तीसावं आठवत नव्हतं, ती म्हणायची, ‘त्यो माज्या आयेनं नेला.’

उघडली नाही तरी कळव. वाट बघायला लावू नकोस.

मनोरमा

*

पुणे
१९ मार्च २००७

मावशी,

फाइल उघडली.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा उघडली. तेवीस गाणी आहेत, मोजली. चौसष्ट पानं झाली. दोन प्रती छापल्या, दोन्ही रजिस्टरने पाठवते आहे. पाकिटावर तुमचंच नाव घातलं आहे.

छापताना मी वाचत गेले. माझ्या लग्नात असं कुणी काही गायलं नव्हतं, सीडी लावली होती. सगळे शब्द कळले नाहीत तरी ‘हळदीच्या पाटावरी कोन बसली लाजत, समिंदराची लेक माझी पैंजन हाय वाजत’ हे दिवसभर तोंडात राहिलं.

एक शंका आहे. मशीन जळलं तेव्हा फाइल थोडी खराब झाली असावी. शेवटच्या काही गाण्यांत मध्येच वेगळ्या ओळी आल्या आहेत. हळदीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर ‘दूध बघते हं, थांबा’ असं आहे. पुढे एका ठिकाणी ‘मूग चांगले निघाले या खेपेला’ असंही आहे. दुसरीच एखादी फाइल यात मिसळली का, ते कळत नाही. मला काढता आलं असतं, पण कुठलं मूळ आणि कुठलं नाही हे मी ठरवू नये असं वाटलं. जसं होतं तसं छापलं आहे. तुम्ही खूण करून पाठवलीत तर ३१ तारखेच्या आत नीट करून देईन. लवकर कळवा.

निशिगंधा

*

भाईंदर पूर्व
४ एप्रिल २००७

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट २६ तारखेला मिळालं. पोस्टमनने या वेळी ‘तांडेल मनोरमा’ अशी हाक मारली. सही करताना मी अडखळले.

तू ३१ तारखेच्या आत कळव म्हटलं होतंस. मी मुद्दामच कळवलं नाही. फाइल खराब नाही. त्या ओळी माझ्या आहेत. तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं बघ, मी वाचताना मध्ये बोलायचे आणि हे तेही टाईप करायचे, नंतर प्रुफात काढायचे. शेवटच्या सात पानांचं प्रूफ व्हायचं राहिलं. तू काढलं नाहीस हे बरं केलंस. यांच्या छापखान्यात तुला नोकरी मिळाली असती.

पाकीट सकाळी मिळालं होतं. हातातलं काम आवरलं, दूध तापवलं, मग दारात बसले, तिथेच, आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत गेले. घरात कुणी नव्हतं. हळदीच्या गाण्यात दूध आलं. मग मूग आले. मग एका ठिकाणी ‘ती पलीकडची सरकवा ना खिडकी’ आहे, ते मला आठवतही नव्हतं. पाठवणीचं गाणं सुरू झालं. त्याच्या चौथ्या ओळीखाली हे आहे, तुझ्या छापलेल्या एकसष्टाव्या पानावर बघ:

‘किती खोकताय हो, आज तरी डॉक्टरकडे जाऊन या.’

आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीवर, एकच शब्द:

‘सोमवारी.’

हे मी बोललेले नाही, निशिगंधा. त्या दिवशी हा शब्द घरात कुणीच उच्चारला नाही. यांनी मान वर केली नव्हती, हात तेवढे चालत होते. आठ महिने मी हेच धरून बसले होते की यांनी ऐकलं नाही आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. यांनी ऐकलं होतं. माझी ओळ तुटू नये म्हणून तोंडाने न बोलता बोटांनी उत्तर दिलं होतं. प्रूफ वाचताना मला दिसेल आणि मी रागवेन, असं यांना वाटलं असणार. सोमवार यायचा होता तेव्हा.

ऐकलं नसतं तर बरं होतं की ऐकलं हे बरं झालं, ते मला ठरवता येत नाही. रोज थोडं इकडे होतं, थोडं तिकडे.

१ तारखेला मी यांचा कॉम्प्युटर लावून बघितला. पडद्यावर तीच पाटी, तेच पंचवीस आकडे. मी ते सवयीने वाचले, सगळे. फोन उचलला नाही. मग मशीन बंद करून त्यावर फडकं घातलं.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते कळव. सोलापूरच्या त्या माणसाला सांगितलंस का? सांग त्याला. दार बंद झालं हे माणसाला कुणीतरी तोंडाने सांगितलं पाहिजे, पाटीवरून कळू नये. सुगंधाचं लग्न अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी आहे. पत्रिका वेगळी पाठवते. भाईंदरला उतरून उत्तनची बस घे, तारोडीला उतर आणि इंदुबाईचं घर विचार. नक्की ये.

गिरिजाला रद्दीचं मी सांगितलं.  ती म्हणाली, ‘वन्स, तुमी येकट्यानं येवरा कशाला वायला? माला सांगायचा व्हता.’ वायला म्हणजे वाहिला, ओझं वाहतात तसा.

हे तारोडीला झालं. तो दिवस कसा गेला एवढं लिहून पत्र संपवते. पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छापलेली पानं आणि यांच्या हातची आठ पानं पिशवीत घालून सकाळच्या बसने तारोडीला गेले. भावाच्या ओटीवर गिरिजा, सुगंधा आणि आळीतल्या पाचसहा बायका धवळे शिकायला बसल्या होत्या. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. कागदावर होतं ते वाचलं, आपलं काही घातलं नाही, त्यातलं काही गाळलं नाही.

मनोरमा